कानबाईचे रोट आणि नववीचा वर्ग

भाऊ, 'राज्यघटनेला शाळेत धर्म चालत नाही, मग शिकवायचाच कशाला' असं तुम्ही लिहिलंत. कलम २८ मनाई करतं ती पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देण्याला. श्रद्धा रुजवणं वेगळं आणि धर्मांविषयी माहिती देणं वेगळं. शालेय अभ्यासक्रमाविषयीच्या अरुणा रॉय खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा फरक मान्य केला आहे.

मी नंदुरबार जिल्ह्यात नववी-दहावीला शिकवतो. श्रावणात घरोघरी कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातली देवी, बसली की अर्धा वर्ग रोटांच्या, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांच्या, गप्पा मारतो. एकदा पावरा या आदिवासी जमातीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, हे रोट भाऊबंदांनीच का खायचे?" ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कानबाई येते, त्या पोरांनाही सांगता येईना. मग तिलाच याहा मोगी या सातपुड्यातल्या आदिवासींच्या देवीबद्दल बोलायला सांगितलं. देवमोगराला भरणाऱ्या तिच्या जत्रेला काय नेतात, कोण नेतं, सगळं तिने सांगितलं, आणि वर्ग इतका शांत मी क्वचितच पाहिलाय. शेजारच्या बाकावरच्या मुस्लिम मुलाने लगेच रोज्याचं सांगायला हात वर केला.

हे पाठ्यपुस्तकात कुठे येतं? सातपुड्यातल्या पोरांचा देव मला कुठल्याच धड्यात दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था आहे, साने गुरुजी अमळनेरच्याच शाळेत शिकवत होते. आपल्या खान्देशाला हा विषय परका नाही. देव न मानणाऱ्या घरातल्या मुलालाही धर्मांविषयीच्या अशा वर्गात तितकंच बोलता आलं पाहिजे, एवढी अट मात्र मी नक्की घालेन.