वकिलीत दिसण्याचा दबाव : तुमचे अनुभव लिहा

वकिलांचा पोशाख बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमांत ठरलेला आहे. काळा कोट, गळ्याला पांढरा बँड. स्त्रियांना साडी, लांब स्कर्ट किंवा सलवार-कुर्ता, रंग सौम्य, नक्षी नको. पण कोटाबाहेर रंग, केस, दात, वजन उरतंच, आणि पक्षकार काय, सीनियर काय, त्यावरूनच वकील जोखतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयात सूचना निघाली होती की महिला वकिलांनी न्यायदालनात डोक्याचे केस सारखे करू नयेत, कामकाजात व्यत्यय येतो. टीका झाल्यावर ती मागे घेतली गेली आणि विषय संपला. माझ्या मते तो संपलेला नाही.

दिसण्यावरून काय ऐकलंत, त्यापायी काय करून घेतलंत, काय खर्च आला, लिहा. कुठल्या कोर्टाचं, चेंबरचं, व्यक्तीचं नाव नको. पुरुषांनीही जरूर लिहावं.

दिवाणी वकील, जिल्हा न्यायालय

माझा रंग काळा आहे. लोक मला बरं वाटावं म्हणून सावळा म्हणतात. चेंबरमध्ये मी टेबलाशी बसलेली असते आणि आलेला माणूस विचारतो, "वकील कधी येणार?" शेजारी सुट्टीत आलेली गोरी इंटर्न असली की तिला मात्र लगेच मॅडम.

वाटपाच्या एका दाव्यात सगळं काम माझं होतं. सातबारा, फेरफार, वंशावळ, वादपत्र, सगळं. उलटतपासाच्या आधी पक्षकार आमच्या सीनियर साहेबांना म्हणाला, "दुसऱ्या मॅडमना उभं करा, ह्या जरा साध्या वाटतात." साहेबांनी दुसरीला उभं केलं. आदल्या रात्री मी तिला फोनवर एकेक प्रश्न सांगत होते. कुठला फेरफार कधी दाखवायचा, साक्षीदार कुठं अडखळेल. ती बिचारी सारखी सॉरी म्हणत होती. तिचा काय दोष? पक्षकाराचाही राग आता उरलेला नाही. साहेबांना सगळं माहीत होतं, त्याचं दुःख अजून आहे.

फौजदारी, तालुका कोर्ट

वरचं वाचून लिहितेय. मला चेंबरमधल्याच एका ताईंनी गोरं होण्याची ट्यूब आणून दिली. महिन्याभरात चेहरा उजळला, बार रूममध्ये (वकिलांच्या बसायच्या खोलीत) सगळे विचारायला लागले, काय लावतेस. मग ट्यूब संपली. चार दिवसांत गाल लालबुंद, आग, बारीक पुरळ. स्टँडवरून कोर्टापर्यंत उन्हात चालणं नको व्हायचं. एकदा युक्तिवाद सुरू असताना न्यायाधीश मॅडमनीच विचारलं, "बरं वाटत नसेल तर पुढची तारीख देऊ का?"

त्वचारोगतज्ज्ञांनी रिकामी ट्यूब मागवून घेतली. आत स्टेरॉईड होतं. अशी मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली नव्हती. स्टेरॉईडनं कातडी पातळ होते, मलम बंद केलं की उलटून येतं, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. मला पूर्ण बरं व्हायला वर्ष लागलं. स्टायपेंड ७,००० आणि त्यातून डॉक्टरांची फी.

आणखी एक ज्युनिअर (वरच्या ताईंना) : बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्याकडे कुणी देत नाही. पण "जरा नीटनेटकी राहत जा" हे सगळे सांगतात.

जामिनाची कामं करते

माझी उलटी गत. दिसायला चांगली आहे. जामीन झाला की पॅसेजमध्ये ऐकू येतं, "त्या उभ्या राहिल्यावर होणारच." मी वाचून गेलेले निवाडे कुणाला दिसत नाहीत.

नवरा-बायको दोघंही वकील

तिशीतच माझं टक्कल पडलं. तेव्हापासून पक्षकार मला अनुभवी समजतात, फीची घासाघीस कमी झाली. बायको माझ्याहून एक वर्षानं सीनियर. तिचे केस पांढरे झाले तर "मॅडम, थकलेल्या दिसता." ती डाय करते, टाळूला खाज येते, तरी करते. घरात हे रोज बघतो, म्हणून लिहिलं.

लॉ फर्म, मुंबई

दोन रात्री कागद तपासून सकाळी व्हिडिओ कॉलवर बसले, तर पार्टनर म्हणाले, "क्लायंटसमोर जरा फ्रेश दिसत जा." वार्षिक मूल्यमापनात 'प्रेझेन्स' या रकान्यात माझे गुण कमी. डोळ्यांखाली फिलर, म्हणजे खळगे भरायचं इंजेक्शन, करून घेतलं. बरं दिसतं, मलाही आवडलं, हे प्रामाणिकपणे सांगते. पण ते विरतं, पुन्हा भरावं लागतं, विम्यात बसत नाही. आणि रात्रींची जागरणं आहेत तशीच आहेत.

दिवाणी, पुरुष

हातांवर कोड आहे. कागद पुढं केला की काही जण तो कोपऱ्यात, चिमटीत धरून घेतात. कोड संसर्गानं होत नाही, हे वकिलांनाही सांगावं लागतं. मित्रानं सुचवलं म्हणून हातांना मेकअप लावून गेलो, तर प्रतिज्ञापत्राच्या समासात तपकिरी बोटं उमटली. आता उघड्या हातांनी जातो.

उच्च न्यायालय, पंचवीसहून जास्त वर्षं

आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या, तरी इथं बाई म्हणून वकिली करायला आडकाठी होती. ती कायद्यानं उठली १९२३ मध्ये. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्त्रियांविषयीच्या साचेबद्ध कल्पना टाळण्यासाठी पुस्तिका काढली, पण तिचा भर निकालपत्रं आणि अर्जांमधल्या भाषेवर आहे. बार रूममधल्या बोलण्याला कुणी विचारत नाही.

माझ्याकडे ज्युनिअर घेताना मी आधी एका प्रकरणाची हकीकत पाठवते आणि ड्राफ्ट मागवते. तो आवडला तर भेटायला बोलावते. आणि पक्षकाराला वकीलपत्रावर सही करतानाच सांगते, की ज्यानं ड्राफ्ट केलंय तोच उभा राहील. काही जण फाइल परत नेतात. नेऊ देत.

धागाकर्ती

ताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. इथल्या सीनियरांना थेट विचारते : ज्युनिअरच्या दिसण्यावरून पक्षकारानं दुसरा वकील मागितला, तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत? ज्युनिअरनीही लिहा, तुमच्यासमोर काय उत्तर दिलं गेलं.