शब्दचर्चा: खतातून झाडाला मिळतं ते 'अन्नद्रव्य' की 'पोषकद्रव्य'?

अनुस्वार
एका वाचनालयासाठी मुलांची पुस्तिका मराठीत आणतेय. विषय वनस्पतींचं पोषण, वाचणारी मुलं सहावी-सातवीची, बहुतेक शेतकरी घरांतली. मुळात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: खत हे झाडाचं अन्न नव्हे, झाड आपलं अन्न पानांत स्वतः तयार करतं, खतातून त्याला 'न्यूट्रिएंट्स' मिळतात. मी सरळ 'अन्नद्रव्ये' लिहिलं, कारण कृषी विद्यापीठांच्या पत्रकांत, माती परीक्षणाच्या अहवालात, खताच्या दुकानातल्या फलकांवर सगळीकडे तोच शब्द. मग वाक्य झालं, 'खत हे अन्न नव्हे, त्यातून अन्नद्रव्ये मिळतात.' मूल विचारणारच, अन्नद्रव्य अन्नात नाही तर कशात असतं? 'पोषकद्रव्ये' करून सांगलीच्या मामांना वाचायला दिलं. ते म्हणाले, हे बाळाच्या दुधाच्या डब्यावरचं वाटतंय. काय लिहू?

फळा-खडू
पोषकद्रव्ये. शंकाच नको. वर्गात प्रकाशसंश्लेषण शिकवताना सगळ्यात चिवट समज हाच असतो की झाड मुळांनी जेवतं. 'अन्नद्रव्य' म्हटलं की तो समज आणखी पक्का होतो.

हेल्माँटचा प्रयोग पुस्तिकेत नसेल तर जरूर घाला. बेल्जियमचा माणूस, निष्कर्ष छापून आले 1648 मध्ये, तो गेल्यानंतर. 200 पौंड वाळवलेली माती कुंडीत भरली, त्यात 5 पौंडांचं विलोचं रोप (आपल्याकडच्या ओढ्याकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद) लावलं आणि 5 वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड भरलं 169 पौंड, माती कमी झाली फक्त 2 औंस. त्याने सगळं श्रेय पाण्याला दिलं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबात नव्हता. पण झाड माती खाऊन वाढत नाही, एवढं तरी त्याने वजनकाट्यावर दाखवलं.

आडसाली
मॅडम, ते 2 औंस कुठं गेले? तेच तर आम्ही विकत आणतो.

मी ऊस लावतो. उसाला लागणीचा डोस, बाळबांधणीचा डोस, मोठ्या बांधणीचा डोस असतो. पीक पिवळं पडलं की आमचे वडील म्हणायचे, 'रान भुकेलंय.' शेतकऱ्याच्या पोराला तुम्ही सांगणार की ते अन्न नाही, तर ते पोर घरी येऊन बापाला खोटं पाडणार. अन्नद्रव्य हा शब्द शेतकऱ्याने केलेला नाही, विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनीच दिलाय. मुख्य अन्नद्रव्ये नत्र, स्फुरद, पालाश. दुय्यम अन्नद्रव्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक. सूक्ष्म अन्नद्रव्ये जस्त, लोह, बोरॉन वगैरे. त्यांना काय शास्त्र कळत नव्हतं?

फळा-खडू
काका, तुमच्या वडिलांचं चुकलं असं कोण म्हणतंय? पण तुमच्याच उसाचं घ्या. साखरेच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, बस. नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. कारखान्यात जी साखर पोत्यात भरतात, तिच्यात खताच्या गोणीतला एक कणही नसतो. ती सगळी हवा आणि पाणी यांच्यापासून, उन्हाच्या बळावर झालेली. नत्र हरितद्रव्यात लागतो, प्रथिनांत लागतो. म्हणजे साखर बनवणारा कारखाना उभा करायला लागतो. साखरेचा कच्चा माल तो नव्हे.

आडसाली
पटलं. साखरेचं मुलांना नक्की सांगा, हे मलाही कुणी असं सांगितलं नव्हतं. पण मग बिनखताचा ऊस काढून दाखवा. कारखाना उभाच राहिला नाही तर साखर कुठली?

शुद्धमती
मुळात 'अन्न' म्हणजे काय ते आधी ठरवा. अद् म्हणजे खाणे, त्यापासून अन्न. जे खाल्लं जातं ते. 'पोषण' पुष् धातूपासून, वाढणे, पुष्ट होणे. झाड खात नाही, पुष्ट मात्र होतं. तेव्हा व्युत्पत्तीने पाहिलं तरी 'पोषकद्रव्य'च बरोबर.

दुसरी गोष्ट अशी की शाळेच्या पुस्तकांत 'नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम' असं लिहायचं आणि शेतात नत्र, स्फुरद, पालाश बोलायचं, ही फूट का पाडली? इतके नेटके मराठी शब्द असताना? प्राणवायू गेला, नत्रवायू गेला, गंधकाम्ल गेलं.

लंबक
नेटके खरे, पण मराठी किती? 'नत्र' म्हणजे नायट्रोजनचंच पहिलं टोक कापून त्याला धोतर नेसवलंय. 'पालाश'ही मला पोटॅशच वाटतो.

शुद्धमती
पालाश पळसावरून आहे. पलाश म्हणजे पळस, आणि पळसाची राख करून काढलेला पालाशक्षार आयुर्वेदात पूर्वीपासून आहे. राखेतला क्षार म्हणजेच पोटॅश. खुद्द 'पोटॅश' या शब्दाचा अर्थ तरी काय? मडक्यातली राख. युरोपात लाकडाची राख पाण्यात कालवून ते पाणी भांड्यात आटवत. त्यातल्या धातूला डेव्हीने 1807 मध्ये वेगळं केलं आणि नाव त्या राखेवरूनच दिलं. मग आपण पळसाच्या राखेवरून दिलं तर ते धोतर कसं?

आणि 'स्फुरद' पाहा. स्फुर् म्हणजे चमकणे, लकाकणे. पांढरा फॉस्फरस हवेत अंधारात मंद उजेड देतो, ग्रीक नावाचा अर्थही प्रकाश आणणारा. ज्याने कुणी हा शब्द घडवला त्याला दोन्ही भाषांचा कान होता.

खाचर
राखेचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे रायगडात भाताचं रोप टाकायच्या जागी 'राब' भाजतात. पालापाचोळा, टहाळ, शेण, गवत पसरून वर माती टाकायची आणि पाऊस लागायच्या आधी पेटवायचं. तण मरतं, त्या राखेवर रोप तरारतं. पालाश हा शब्द आमच्या आजीने कधी ऐकला नव्हता, पण राखेत काहीतरी आहे हे तिला ठाऊक होतं. ती कधी 'अन्न' म्हणाली नाही, 'खत' म्हणाली नाही. म्हणायची, 'जमिनीला ऊब दिली.' पुस्तिकेत हा शब्दप्रयोग कुठे बसला तर बघा.

मांडवीकाठ
गोव्यात आमच्या कोंकणीत खताला सारें म्हणतात. 'माडाक सारें घाल.' घरी कोंकणी आणि शाळेत मराठी शिकलेल्या माझ्यासारख्याला 'खत' हा शब्द पहिल्यांदा भेटला तो खरेदीखतात, म्हणून कितीतरी काळ शेतातलं खत म्हणजेसुद्धा काही कागद असावा असं वाटायचं. ते खत अरबीतून आलेलं, लिखाण या अर्थाचं. शेतातल्याचं मूळ वेगळं.

शुद्धमती
शेतातलं माझ्या मते 'खात'वरून, म्हणजे खणलेला खड्डा. उकिरड्याच्या खड्ड्यात कुजतं ते खत.

लंबक
शुद्धमती, पळसाचं तुम्ही चांगलं मांडलंत, धोतराचा शब्द मागे घेतो. पण नत्र-स्फुरद शाळेत आणण्याला माझा विरोध कायम आहे, कारण गोणीवरचा 'स्फुरद' आणि पुस्तकातला फॉस्फरस एकच नाहीत. 18:46 ची, म्हणजे डीएपीची, 50 किलोची गोणी घ्या. 46 टक्के म्हणजे 23 किलो. हे 23 किलो फॉस्फरस नव्हे, फॉस्फरस पेंटॉक्साइड. त्यातला मूलद्रव्य फॉस्फरस भरतो जेमतेम 10 किलो. पालाशचंही तसंच, ती टक्केवारी पोटॅशियम ऑक्साइडची. नत्र मात्र मूलद्रव्याच्याच हिशेबात, म्हणून युरियातला 46 टक्के नत्र हा खराच 46 टक्के नायट्रोजन. तेव्हा शेतातला शब्द शेताच्या मापाचा आहे, तो तिथेच नेमका आहे. शाळेत आणलात तर मुलांचं गणित चुकेल.

आडसाली
हे दुकानदार कधी सांगत नाही. आमच्यातले निम्मे लोक 46 म्हणजे 46च समजतात.

अनुस्वार
खूप छान माहिती मिळतेय, पण माझं वाक्य अजून तिथेच आहे. 'खनिजे' लिहिलं तर? झाडाला मातीतून खनिजे मिळतात, अन्न ते स्वतः करतं.

फळा-खडू
चालेल. फक्त 'खनिज' म्हटलं की मुलांना खाण आठवते, आणि शेणखत खाणीतून येत नाही.

एक मुद्दा मात्र 'अन्न' शब्दाच्या बाजूने नव्हे, त्याच्या अडचणीचा म्हणून मांडते. कास पठारावर दवबिंदू नावाची वनस्पती आहे, पानांवरच्या चिकट केसांनी किडे पकडते. तिथेच सीतेची आसवं, ती पाण्यातले बारीक जीव पिशवीत ओढून घेते. आपण यांना कीटकभक्षी म्हणतो, म्हणजे भक्षण आलं. मुलं ठामपणे लिहितात, 'या वनस्पती किडे खाऊन जगतात.' पण दोन्ही हिरव्या आहेत, आपलं अन्न दोघी करतात. किड्यातून घेतात तो मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस, कारण त्या जागची माती निकस. म्हणजे किडा हे दवबिंदूचं जेवण नव्हे, खत आहे!

खाचर
मग बांडगुळाला आपण उगाच नावं ठेवतो. आंब्यावरचं बांडगूळ हिरव्या पानांचं असतं, पाणी आणि क्षार आंब्याचे चोरतं पण अन्न स्वतः करतं. खरी फुकटी अमरवेल. तिला पानंच नाहीत, सगळं आयतं शोषते. शिवी मात्र बांडगुळाला.

लंबक
विज्ञानाने रोजचे शब्द उचलले की हेच होतं. 'कार्य' घ्या. हमाल डोक्यावर पोतं घेऊन तासभर उभा राहिला तर पुस्तक म्हणतं, पोत्यावर कार्य शून्य. 'वजन' घ्या. पोतं 50 किलोचं, पण किलो हे वस्तुमानाचं एकक, वजन सुमारे 490 न्यूटन. आजवर बाजारात कुणी न्यूटनमध्ये कांदे घेतले नाहीत आणि घेऊही नयेत. मुलांना एवढंच सांगावं लागतं की शाळेच्या उंबऱ्याच्या आत या शब्दाचा अर्थ वेगळा. 'अन्न' हा त्यातलाच एक. अनुस्वार, शब्द कुठलाही ठेवा, पण 'शास्त्रात अन्न म्हणजे ज्यातून ऊर्जा मिळते ते' हे वाक्य आधी टाका. युरियातून झाडाला ऊर्जा मिळत नाही. तिथेच निकाल लागतो.

शुद्धमती
वस्तुमान तरी एकच आहे का? वाईच्या मराठी विश्वकोशात 'द्रव्यमान' आहे. शाळेतलं 'बल' तिथे 'प्रेरणा' आहे आणि 'त्वरण' तिथे 'प्रवेग'. सरकारच्याच दोन घरांत दोन भाषा.

लंबक
प्रेरणा! आमचे एक जुने शिक्षक तोच शब्द वापरायचे आणि मला तो आजही जास्त आवडतो. प्र अधिक ईर्, पुढे ढकलणे, हालवणे. बल अंगात असतं, प्रेरणा दुसऱ्यावर लावली जाते. न्यूटनचा नियम त्या शब्दातच आहे.

फळा-खडू
आज वर्गात म्हणून बघा, 'वस्तूवर प्रेरणा लावली असता.' मुलं थोरामोठ्यांची चरित्रं सांगायला लागतील. शब्द जुन्या अर्थाने कितीही सुंदर असो, मुलांच्या कानात आज जे आहे त्यावरच शिकवावं लागतं.

शुद्धमती
मग ह्याच न्यायाने शेतकऱ्याच्या मुलाच्या कानात 'अन्नद्रव्य' आहे, ते का नको?

आडसाली
हेच मी वर म्हणत होतो.

आणि एक राहिलं. खताशिवायही रान सुधारतं, त्याला आमच्यात 'बेवड' म्हणतात. हरभऱ्याचा बेवड पुढच्या पिकाला चांगला. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात हे नंतर कळलं, शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. याला शाळेच्या पुस्तकात काय म्हणतात? मुलाला विचारलं तर त्याने 'पीक फेरपालट' सांगितलं, पण ती तर करायची गोष्ट झाली. मागं जे रानात उरतं, त्याला शब्द काय?