अनुभव धागा: कुत्र्याला शिकवताना खाऊ कधी, किती आणि कशासाठी?

मुंबईच्या फ्लॅटमध्ये कुत्रा शिकवायचा म्हणजे लिफ्ट, डोअरबेल, गल्लीतली भटकी गँग आणि गणपतीतले ढोल हे सगळं अभ्यासक्रमातच आलं. पट्ट्याला हिसके आणि वर्तमानपत्राची गुंडाळी सोडून बक्षीस देऊन शिकवणाऱ्यांनी इथे लिहावं. 'आमचं पिल्लू किती गोड' हे दुसऱ्या धाग्यावर. इथे काय करायचं, कुठे बिघडतं आणि का, एवढंच.

माहीमकर
सुरुवात खुणेपासून. कुत्र्याने हवं ते केलं त्याच क्षणी एक छोटा, कायम एकसारखा आवाज, आणि लगेच खाऊ. क्लिकर (दाबला की 'टिक' वाजणारी छोटी डबी) नसला तर तुटक 'यस' पुरतो. जिभेने च्यक् च्यक् करू नका. रस्त्यावरचा प्रत्येक जण कुत्र्याला तसंच बोलावतो, मग त्या आवाजाला किंमत राहत नाही. पहिले दोन दिवस काहीही न मागता आवाज आणि खाऊ, आवाज आणि खाऊ, एका वेळी दहा-पंधरा वेळा. कुत्रा दुसरीकडे बघत असताना आवाज केला आणि त्याने झटकन मान वळवली, की खूण बसली.
बिघडतं ते हातामुळे. आवाजाआधीच हात खिशाकडे गेला तर कुत्रा आवाज ऐकत नाही, खिसा बघतो. हात पोटाशी स्थिर, आवाज, मगच हात हलवायचा. एक सत्र तीन ते पाच मिनिटांचं. मे महिन्याच्या दुपारी तेही नको, धापा टाकणारं कुत्रं काही शिकत नाही.

सुगरण_परळ
खाऊचा हिशोब. दहा किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात, आणि खाऊ त्यातल्या दहा टक्क्यांच्या आत हवा. म्हणजे मीठ न घालता उकडलेलं चिकन ब्रेस्ट दिवसाला जेमतेम ३५ ग्रॅम. वाटाण्याच्या दाण्याहून लहान तुकडे केले तर त्यातच साठ-सत्तर बक्षिसं निघतात. शाकाहारी घरात पनीर चालतं. कलेजीचा वास भारी काम करतो, पण ती अगदी थोडी. रोज भरपूर दिली तर 'अ' जीवनसत्त्व जास्त होतं. ग्लुकोज बिस्किट तर नकोच: साखर, वर भुगा, आणि भुगा वेचण्यात पुढची पाच सेकंदं जातात. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट विषारी. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे विसरू नका.

मुलुंड_पूर्व
'हातात खाऊ नसला की ऐकतच नाही' ही तक्रार हमखास येते. त्यात खाऊचा दोष नाही, तो आमिष म्हणून फार काळ दाखवला गेलेला असतो. 'बस' शिकवताना नाकासमोरून तुकडा वर-मागे न्यायचा तो फक्त तीन-चार वेळा. लगेच तीच हालचाल रिकाम्या हाताने, आणि बक्षीस दुसऱ्या हातातून किंवा मागच्या टेबलावरच्या वाटीतून. हाताची खूण पक्की झाली की त्याआधी अर्धा सेकंद शब्द घालायचा. घरात सगळ्यांचा शब्द एकच. आजोबा 'बस', आई 'सिट' आणि मुलं 'सिट सिट सिट' म्हणत असतील तर कुत्र्याने कोणाचं ऐकावं?

गिरगावकर
लिफ्टचं जरा सविस्तर लिहितो. जुन्या इमारतीतली जाळीची लिफ्ट असेल तर दार ओढतानाचा खडखडाट, खाली पोकळी दिसणारी फट आणि मजला हलणं, या तीन वेगळ्या भीती आहेत. तिन्ही एकदम शिकवायला गेलात की कुत्रा उंबऱ्यावर चार पाय रोवतो.
आधी आवाज. लिफ्टपासून दोन दारं लांब उभं राहायचं, कोणी जाळी ओढली की लगेच खाऊ. आवाज झाल्यावर कुत्रा आशेने तुमच्याकडे बघू लागला की एक दार पुढे सरकायचं. मग फट: एकाने दार धरून ठेवायचं, दोन पाय आत टाकले की बक्षीस, आणि त्याला मागे येऊ द्यायचं. ही मोकळीक दिली नाही तर पुढे काही होत नाही, कारण आत गेलं की कोंडतात हे तो एकदाच शिकतो आणि विसरत नाही. चारही पाय आत आल्यावर दार उघडंच ठेवून पाच-सहा तुकडे. मग दार बंद आणि उघड. शेवटी एकच मजला. एका पायरीवर तो खाऊ नाकारू लागला की मागच्या पायरीवर यायचं.
पट्टा आखूड धरायचा आणि कुत्र्याबरोबरच आत शिरायचं. आपोआप बंद होणाऱ्या दारात पट्टा अडकून लिफ्ट निघाली तर फास बसतो. जाळीत पंजा किंवा शेपूट जाऊ नये म्हणून त्याला मागच्या कोपऱ्यात बसवा आणि तुम्ही मध्ये उभे राहा. शेजारच्या काकूंनाही बरं वाटतं.

अंधेरी_लोकल
गिरगावकरांनी आवाजाचं लिहिलंय तेच डोअरबेललाही लागू. बेल मोबाइलवर रेकॉर्ड करा, अगदी बारीक आवाजात वाजवा, आणि मगच चटईवर खाऊ टाका. डब्याचं झाकण आधी वाजलं तर बेलला काही अर्थच उरत नाही. भुंकणं थांबायची वाट बघताना ते आधी वाढतं. घरचे नेमके तिथेच कंटाळून ओरडतात.

दादर_चौपाटी
भटक्या कुत्र्यांजवळून जाताना वीस फूट अंतर ठेवा असं सांगणारा मुंबईच्या फूटपाथवर चाललेला नसावा. इथे अंतराऐवजी आडोसा वापरायचा: उभी टॅक्सी, झाडाचा कट्टा, दुकानाची पायरी. आपल्या कुत्र्याने समोरच्याकडे पाहिलं, पण अंग ताठ झालं नाही, तेवढ्यात खूण, आणि खाऊ तुमच्या गुडघ्याशी. ताठ झाला, तोंड मिटलं, तर उशीर झालाय. वळून आडोशामागे जा. खाऊ जमिनीवर मुळीच टाकू नका. घरात तो छान उपाय आहे, पण गल्लीत त्यावरूनच भांडण पेटतं. मासळीबाजाराबाहेर चिकनला कोणी विचारत नाही, तिथे 'जा, हुंग' हेच बक्षीस.

चेंबूरची_ताई
शी-शूसाठी एकच सांगते. खाली शू झाली रे झाली की तिथेच, त्याच जागी खाऊ. घरी आल्यावर दिलेला खाऊ घरी आल्याचा होतो. आणि शू होताच लगेच वर आणू नका, पाच मिनिटं फिरवा. नाहीतर शू केली की मजा संपते हे पिल्लाला कळतं आणि ते धरून ठेवतं. घरात झालं तर अमोनिया असलेल्या क्लीनरने पुसू नका, तो वास लघवीसारखाच लागतो.

लालबाग_परिसर
ढोल-ताशे आणि फटाके. तयारी दोन महिने आधी, रेकॉर्डिंग इतक्या कमी आवाजात की कुत्रं फक्त कान हलवेल. आवाज सुरू, खाऊ सुरू. आवाज बंद, खाऊ बंद. विसर्जनाच्या दिवशी मात्र शिकवणी नाही. फेरी दुपारीच उरकायची, खिडक्या बंद, पंखा फुल, रस्त्यापासून लांबच्या खोलीत गादी. ते येऊन चिकटलं तर कुरवाळा. जवळ घेतल्याने भीतीला खतपाणी मिळतं हा गैरसमज आहे. ज्याचं अंग थरथरतं, लाळ गळते, जे दार ओरबाडतं, त्याला नुसत्या खाऊने भागत नाही. पशुवैद्यांकडून गोळी लिहून घ्या, आणि ती मिरवणुकीच्या दिवशी नव्हे, आधी एका शांत दिवशी देऊन बघा.