'निकाली' म्हणजे नेमकं काय?

घाटमाथा (सातारा): एका संस्थेसाठी पीडित महिलांच्या सेवांचा तिमाही तक्ता मराठीत करतेय. 'रजिस्टर्ड'च्या रकान्याला मी 'दाखल' आणि 'क्लोज्ड'च्या रकान्याला 'निकाली' लिहिलं. सांगलीच्या समुपदेशक ताई अडून बसल्या, "बाई परत नांदायला गेली, हे निकाली कसं? आम्ही ते पाठपुराव्यात ठेवतो." आमच्याकडे समेट झाला की फाइल बंद. दोन्ही आकडे वर दिल्लीत एकाच बेरजेत जाणार. शब्द सुचवा.

कृष्णाकाठ: ताईंचं बरोबर आहे. सांगलीत निकालीचा अर्थ आखाड्यात विचारा. पाठ टेकली तर निकाली, नाहीतर बरोबरीत सोडवली. समेट म्हणजे पंचांनी सोडवलेली कुस्ती.

शुद्धमती: मुळात 'निकाल' फारसी. 'निर्णीत' लिहा.

मोडीवाला: फारसी कुठून आणलंत? संस्कृत 'निष्कालन', म्हणजे बाहेर काढणं, त्या कुळातला आहे तो. सोवळंच पाळायचं तर आधी 'तक्ता' आणि 'दाखल' काढा, ते खरे बाहेरचे.

तारीख पे तारीख: कोर्टात अर्ज मागे घेतला तरी प्रकरण निकाली निघतं. शब्द कचेरीच्या टेबलाबद्दल बोलतो, बाईबद्दल नाही. कुस्ती कशाला मध्ये?

वहीवाली: निकालीचं सोडा, घोळ 'दाखल'पासूनच आहे. बाई आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करते. तिथून सखी केंद्र (सगळी मदत एका छताखाली), मग पोलीस ठाण्यातला महिलांसाठीचा विशेष कक्ष, मग कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे कौटुंबिक घटना अहवाल. चार वह्या, चार नोंदी. नाव गोपनीय, ते पुढे पाठवता येत नाही, मग जुळवणार कशावरून? उलट राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका गुन्ह्यात कितीही कलमं असली तरी सर्वांत गंभीर तेवढं एकच मोजतो. इथं एकीच्या चार, तिथं चारांचं एक. तक्त्यावर 'व्यक्ती' की 'भेटी' ते आधी छापा, मग शब्दांवर भांडा.

शुद्धमती: 'पीडित'बद्दल कुणीच बोलत नाही. 'बळी' काय वाईट?

वहीवाली: बळी मेल्यावर हो! 'पीडित'ही नको असतं. वाईकडच्या एक मावशी फॉर्म बघून म्हणाल्या, "मी काय पिडा हाय व्हय?"

मोडीवाला: इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. दोन्ही शब्द एकाच ओळीत, आणि बळी तिथं राजा आहे.

कराडकर: पाठ टेकली तरच खरी, हा सांगलीचा हट्ट. आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्य आणलं, ते गुणांच्या कुस्तीत. ती खोटी का?

कृष्णाकाठ: खोटी कोण म्हणतंय, दादा? कवठेपिरानच्या मारुती मानेंनीही १९६२ ला जकार्ताच्या आशियाई खेळांत सुवर्ण घेतलं. विषय जत्रेतल्या आखाड्याचा चाललाय.

कराडकर: जत्रेत 'मैदान' असतं. आखाडा तालमीतला.