नुसत्या टक्क्यांनी भागत नाही

तेल-वायू उद्योगाच्या कंत्राटात स्थानिक कंपन्यांचा टक्का कायद्याने ठरवून दिला की झालं, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. नायजेरियाच्या २०१० च्या कायद्यात टक्केवारी आहेच, पण तेल-वायू उत्खननाच्या प्रत्येक कंत्राटातला १ टक्का स्थानिक क्षमता वाढवायच्या निधीत कापून जातो. खरा जोर त्या निधीत आहे. घानाने २०१३ मध्ये तेल-वायूच्या परवान्यात देशी कंपनीची किमान ५ टक्के भागीदारी सक्तीची केली. तिथे नावापुरता भागीदार उभा करायची पळवाट राहतेच. (ठेका एकाच्या नावावर, काम दुसऱ्याचं, हे आपल्याला काय नवीन?)

आपल्या सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने ढीगभर. पण तेलविहिरीवरच्या कामगाराचा आग न धरणारा डगला शिवायचा तर कापड, दोरा, चेन सगळंच वेगळं, वर चाचणीचं प्रमाणपत्र. आपल्याकडे असा कायदा करायचा तर त्यासाठी पैसा आणि मुदत कोण देणार, ते आधी त्यात लिहा.