कागदावर सव्वाचार एचपी वाढले, मग खंबाटकी घाटात गाडी का दमते?

सातारचा_जुळा

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिक नाही, बँकेत असतो, त्यामुळे काही चुकीचं लिहिलं तर सांभाळून घ्या.

गाडी २०१९ची रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५०, ४१ हजार किलोमीटर झालेली. मे महिन्यात पुण्यातल्या एका नावाजलेल्या दुकानात (नाव घेत नाही) स्टॉक (काहीही न बदललेल्या) अवस्थेत डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवली. मागच्या चाकाला ४०.६ एचपी आले. मग पैसे जमवत बसलो. दिवाळीचा बोनस हातात आल्यावर एअर फिल्टर, एअरबॉक्सचं उघडं झाकण, दोन फ्री-फ्लो सायलेन्सर आणि इंजेक्शनसाठी पिगीबॅक डबा (पेट्रोलचं प्रमाण बदलणारा), असं सगळं मिळून ५८ हजार मोजले. डिसेंबरात त्याच दुकानात फिटिंग, ट्यूनिंग आणि पुन्हा डायनो. या वेळी ४४.९! ट्यूनरनं कागद लॅमिनेट करून दिला, मी पेढे दिले.

त्याच दिवशी दुपारी साताऱ्याला परत निघालो. खंबाटकी मी शेकडो वेळा चढलोय. पुढं ट्रक असला तरी पाचव्यात जरा पीळ दिला की गाडी गुपचूप निघायची. आता पाचव्यात ओढेचना. चौथ्यात टाकली तरी पहिल्यासारखा जोर नाही, अन् सहा हजाराच्या वर गेली की मात्र सुसाट सुटते. मागे बसलेली बायको म्हणाली, "आवाज जाड झालाय, गाडी बारीक झालीय." ॲव्हरेज २७वरून २२वर आलं ते वेगळंच.

ट्यूनर म्हणतो, "साहेब, कागद बघा. तुम्हाला सवय नाही म्हणून तसं वाटतंय." खरंच वाटतंय, की हे सव्वाचार घोडे मधेच शिरवळला उतरले?

चिन्मय_ठाणे

कंपनी ४७ सांगते आणि तुमची स्टॉक गाडी ४०.६? म्हणजे कंपनीच पहिल्यापासून फसवतेय. मॉडिफिकेशनचं नंतर बघू.

टेस्टसेल

चिन्मय, नाही हो. कंपनीचा आकडा क्रँकवरचा, म्हणजे थेट इंजिनाच्या दांड्यावरचा असतो, दुकानातला मागच्या चाकावरचा. मधे क्लच, गिअरबॉक्स, चेन, टायर, सगळे आपापला वाटा खातात. दहा ते पंधरा टक्के जाणं नेहमीचंच. ४७तून ४०.६ म्हणजे गाडी ठणठणीत आहे.

सातारकर, दोन्ही कागदांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असेल. एसएई किंवा एसटीडी असं काहीतरी, पुढे एक पूर्णांक काहीतरी आकडा आणि तापमान. ती जशीच्या तशी इथे टाका. शिवाय ३५०० आरपीएमला टॉर्क (ओढायचा जोर) किती दिसतोय तेही, दोन्हींवरचा. सगळ्यात वरचा आकडा सोडून द्या.

सातारचा_जुळा

भिंग घेऊन वाचलं.

मे: एसएई, १.११, तापमान ३८.०. ३५००ला ४१.८ एनएम.
डिसेंबर: एसटीडी, १.१४, तापमान ३८.०. ३५००ला ३९.९ एनएम.

थांबा. डिसेंबरात ३८? सकाळी साडेआठला मी हातमोजे घालून पोचलो होतो. दुकानातला पोरगा मफलर गुंडाळून चहा पीत होता.

टेस्टसेल

मला हेच हवं होतं. आता कॅल्क्युलेटर काढा.

दुकानातल्या डायनोला जमिनीत एक जड ड्रम असतो. त्याचं जडत्व माहीत असतं. गाडी त्यावर बांधून फुल थ्रॉटल दिलं की ड्रम किती झपाट्यानं वेग घेतो यावरून ताकद निघते. इथपर्यंत सरळ आहे. पण ही ताकद त्या दिवशीच्या, त्या जागेच्या हवेतली. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. मुंबईत हजारच्या आसपास मिलिबार दाब असतो, तिथे इथे ९४५च्या घरात. त्यात मे महिन्याची तापलेली, विरळ हवा. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी गेला की ताकदही कमी. म्हणून यंत्र मोजलेल्या आकड्याला एका गुणकानं गुणतं, "प्रमाण हवेत हीच गाडी इतकी देईल" असं सांगायला. कागदावर छापलेलं म्हणजे हा गुणाकार.

गोची अशी की प्रमाण हवा एकच नाही. एसएईची हवा २५ डिग्रीची, कोरडा दाब ९९० मिलिबार. एसटीडी जुनी पद्धत, तिची हवा साडेपंधरा डिग्रीची आणि १०१३ मिलिबारची, म्हणजे थंड आणि दाट. साहजिकच एसटीडीत आकडा फुगतो. समुद्राकाठी दोन्हींत चारेक टक्के फरक पडतो, आपल्या उंचीवर अडीचच्या आसपास. गाडी तीच, ड्रम तोच, मेनूत दुसरं नाव निवडलं की एक एचपी फुकट.

आता तुमचे कागद उलटे सोडवू. मे: ४०.६ भागिले १.११, म्हणजे ३६.६. डिसेंबर: ४४.९ भागिले १.१४, म्हणजे ३९.४. यंत्रानं खरोखर मोजलं ते हे. गाडीनं डिसेंबरात जास्त दिलं हे खरंच, पण डिसेंबरची हवाच जास्त दाट होती. १७-१८ डिग्रीच्या कोरड्या सकाळी पुण्यात एसएईचा गुणक १.०५च्या आसपास यायला हवा (वाफेचा दाब मी अंदाजानं धरलाय, एखादा टक्का इकडेतिकडे). ३९.४ गुणिले १.०५ म्हणजे ४१.४.

४०.६चे ४१.४. ५८ हजारांत पाऊण एचपी.

१.१४ आला कुठून? एसटीडीत ३८ डिग्री घालून बघा, बरोबर तोच येतो. तुमच्या डिसेंबरच्या कागदावर मे महिना छापलाय. यात लबाडी असेलच असं नाही. हवामानाचा सेन्सर बंद पडला की लोक आकडे हातानं घालतात, आणि ग्राहकाची जुनी फाइल उघडली की जुनेच आकडे राहून जातात. अशी चूक आमच्या टेस्ट सेलमध्ये (इंजिन तपासायच्या खोलीत) माझ्याच हातून झालीय, आणि एक अख्खा दिवस पुन्हा टेस्टिंग करावं लागलं. एसटीडी मात्र आपोआप होत नाही. तिथे कुणाचं तरी बोट माउसवर गेलं असणार.

आता तुमचा घाट. ३५००चा टॉर्क याच हिशेबानं घ्या. ३९.९ भागिले १.१४, गुणिले १.०५, म्हणजे ३६.८. आधी ४१.८ होता. पाच एनएम गेले, बारा टक्के! आणि खंबाटकीत तुम्ही सगळ्यात जास्त एचपी मिळते त्या ७२०० आरपीएमला असता की साडेतीन हजाराला? बायकोचं निदान ट्यूनरपेक्षा बरोबर आहे.

का गेले, तर हवा आत घेणाऱ्या वाटेची आणि एक्झॉस्टची लांबी-रुंदी कंपनीनं मधल्या आरपीएमसाठी जुळवलेली असते. ६५० जुळं इंजिन ओळखलं जातं तेच खालच्या ओढीसाठी. एअरबॉक्सचं तोंड उघडं टाकलं आणि सायलेन्सरमधले डीबी किलर (आवाज दाबणाऱ्या नळ्या) काढले की वरची वाट मोकळी होते, पण मधल्या आरपीएमला दाबाच्या ज्या लहरी मदत करत होत्या त्या चुकीच्या वेळी येऊन पोचतात. त्यातून ट्यूनरनं बहुतेक फुल थ्रॉटलचाच मॅप (पेट्रोल किती द्यायचं त्याचा तक्ता) लिहिलाय, कारण डायनोच्या कागदावर तेवढंच दिसतं. अर्ध्या थ्रॉटलला मिश्रण कसं आहे ते कुणी बघितलंच नसेल. तुमचं ॲव्हरेज तिथेच गळतंय.

पोर्टिंगकाका_कोल्हापूर

टेस्टसेल साहेबांनी गणित करून दाखवलं, मी हातानं शिकलेलं सांगतो.

आमच्याकडं यामाहाची आरएक्स १००. अठ्ठ्याण्णव सीसी, कंपनीचे अकरा घोडे, बोअर पन्नास, स्ट्रोक पन्नास. पोरं यायची, "काका, पोर्टिंग करून द्या, पळाली पाहिजे." टू-स्ट्रोकला सोपं असतंय. एक्झॉस्ट पोर्टचं वरचं तोंड घासून उंच केलं की पोर्ट लवकर उघडतोय, उशिरा मिटतोय. एक मिलिमीटर घासलं तर क्रँकचे अडीच अंश अलीकडं, अडीच पलीकडं. ऐकायला कायच नाही. पण गाडीचा स्वभावच बदलून जातोय.

पहिला सिलिंडर मी माझ्या स्वतःच्या गाडीचा घासला. दीड मिलिमीटर ठरवलं होतं, हात चालत गेला, दोनच्या वर गेलं. वर एक्सपान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर सायलेन्सर) बसवला. सरळ रस्त्यावर काय सुटायची म्हणता! गल्लीतली पोरं बघत राहायची. मग एका रविवारी मेव्हण्याला मागं बसवून पन्हाळ्याला निघालो. वाघबीळ सोडून चढ सुरू झाला आणि गाडी पाच हजाराच्या खाली आली की नुसती बुबुबुबु करायची. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा धरून वर गेलो. मेव्हणा निम्मी वाट चालत आला. अजून लग्नकार्यात तो तेच सांगतोय.

तुमचं नशीब बघा. तुमचं सगळं बोल्टानं बसवलंय, बोल्टानं निघतंय. माझा घासलेला पोर्ट काय परत खाली येणार? नवीन सिलिंडर घ्यावा लागला.

आणि एक. डायनो बियनो आमच्याकडं नव्हता. प्लगचा रंग बघायचा, आणि शिये फाट्यापर्यंत एक चक्कर. ज्याची गाडी त्यालाच सांगायचो, "आधी आठ दिवस ऑफिसला चालव, मग पैसे दे."

चिन्मय_ठाणे

क्रँक आणि चाकाचं समजलं, धन्यवाद. पण सातारकरांनी आता करायचं काय? पुन्हा डायनोचे पैसे?

टेस्टसेल

गरज नाही. पहाटे रिकामा, सपाट, सरळ रस्ता गाठा. चौथ्या गिअरमध्ये ५०च्या खाली या, मग फुल थ्रॉटल, ८० ओलांडेपर्यंत. कॅमेरा स्पीडोमीटरवर लावा आणि काटा ५० ते ८० जायला किती वेळ लागला ते नंतर व्हिडिओतल्या फ्रेम मोजून काढा. जाताना चार वेळा, येताना चार वेळा, म्हणजे वारा आणि उतार एकमेकांना कापतात. चाकातली हवा तीच, पेट्रोल तितकंच, माणूस तोच. स्पीडोमीटर थोडा खोटं बोलतो, पण दर वेळी तेच खोटं बोलतो, तेव्हा तुलनेला चालतो.

मग आधी फक्त झाकण मूळचं बसवा आणि डीबी किलर घाला, बाकी काही हलवू नका, पिगीबॅकचा मॅपही बदलू नका. पुन्हा मोजा. दोन गोष्टी एकदम बदलताय हे मला कळतंय, पण एकएक करायला सांगितलं तर तुम्ही करणार नाही.

सातारचा_जुळा

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, मधे मार्च एंड होता.

रहिमतपूर रस्त्यावर सकाळी सहाला गेलो. ऑफिसातल्या मित्राचा ॲक्शन कॅमेरा हँडलला लावला. उघड्या झाकणानं आठ फेऱ्यांची सरासरी ४.४ सेकंद. पहिल्याच फेरीत मला ३.९ दिसले आणि मी खूश झालो, मग कळलं की त्या बाजूला किंचित उतार आहे. येताना ४.८.

मग मूळचं झाकण शोधायची मोहीम. माळ्यावर सापडलं. बायकोनं त्यात आकाशकंदिलाच्या वायरी गुंडाळून ठेवल्या होत्या. झाकण बसवलं, डीबी किलर घातले, पुढच्या रविवारी पुन्हा त्याच पट्ट्यावर. सरासरी ३.८.

शाळेतलं भौतिकशास्त्र काढून हिशेबही केला. गाडी, पेट्रोल, मी आणि जॅकेट मिळून २९० किलो. ५० ते ८० न्यायला साधारण ४३.६ किलोज्यूल लागतात. ४.४ सेकंदांत म्हणजे ९.९ किलोवॅट, ३.८ सेकंदांत ११.५. एचपीत १३.३ आणि १५.४. वारा कापायला लागणारी ताकद यात धरलेली नाही, पण दोन्हीकडे ती सारखीच. म्हणजे एका झाकणानं आणि दोन नळ्यांनी मधल्या आरपीएमला दोन घोडे परत दिले. टेस्टसेलसाहेब, तुमचे पाच एनएम ३५००ला किती होतात तेही बघितलं. जवळपास अडीच एचपी. ताळा जमतोय.

दोन्ही कागद घेऊन ट्यूनरकडे गेलो. ३८ डिग्रीवर बोट ठेवलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, सेन्सर तेव्हा खराब होता. एसटीडीबद्दल मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मात्र चौथाई आणि अर्ध्या थ्रॉटलचा मॅप त्यानं फुकट लिहून दिला, मागे लॅम्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) लावून, दोन तास बसून. ॲव्हरेज २५वर आलंय. खंबाटकी पुन्हा पाचव्यात चढते. मागून शेरा आला: "आता बरी आहे. आवाज अजून कमी कर."

उघडं झाकण विकायला काढलंय, कुणाला ट्रॅकसाठी हवं असेल तर सांगा. पुढचा रन मेमध्ये, त्याच डायनोवर, एसएई लावून. थर्मामीटर मी घरून नेणार आहे.

पोर्टिंगकाका_कोल्हापूर

झाकण घेऊ नका रे कुणी.