पॅरिश कौन्सिलचे मत केवळ सल्ला असेल, तर प्रापंचिकांनी (धर्मगुरू नसलेल्या भाविकांनी) काय करावे?

प्रश्न:
आमच्या कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) वेदीचे नूतनीकरण आणि नवे सभागृह अशी दोन कामे निघाली आहेत. पॅरिश कौन्सिल या भाविकांच्या मंडळातील आमच्यापैकी बहुतेकांचे म्हणणे होते की आधी शाळेचे गळके छप्पर दुरुस्त व्हावे. परंतु नकाशे तयार झाल्यानंतरच हा विषय आमच्यापुढे आला, आणि कौन्सिलने सल्ला द्यावा, निर्णय आपण घेऊ, असे फादरांनी सांगितले. छपरासाठी म्हणून गेल्या सणाला जमवलेले पैसेही सभागृहाकडे वळतील अशी धास्ती वाटते. फादरांचा अवमान करण्याची माझी इच्छा नाही. माझ्या आईच्या अखेरच्या रात्री तेच तिच्या उशाशी प्रार्थना करत बसले होते. तरीही आम्हाला नेमका कोणता अधिकार आहे?

पहिले उत्तर:
फादरांचे म्हणणे नियमाला धरून आहे, पण ते अर्धेच आहे. १९८३ च्या कॅनन लॉमधील, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातील, कलम ५३६ प्रमाणे पॅरिश कौन्सिलचे मत सल्ल्यापुरतेच असते. मात्र कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणे बंधनकारक आहे, आणि कलम १२८१ प्रमाणे नित्याच्या कारभारापलीकडच्या खर्चाला वरिष्ठांची (म्हणजे सहसा बिशपांची) लेखी परवानगी लागते. तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम १२६७ आहे: भाविकांनी ज्या हेतूने दान दिले, त्याच हेतूसाठी ते वापरले पाहिजे. छपराचा पैसा छपराचाच. सभागृहाचा वाद बाजूला ठेवून आधी एवढेच लेखी विचारावे.

दुसरे उत्तर:
मी वसईचा, वयाने सत्तरीपुढचा. पाणी आणि हिरवा पट्टा वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे धर्मगुरू शेतकऱ्यांबरोबर रस्त्यावर उतरले, तेव्हा सत्तेला जाब विचारण्याचे धैर्य आम्हाला त्यांच्याकडूनच मिळाले. तोच प्रश्न आम्ही चर्चच्या आवारात विचारला की काहींना तो बंडासारखा का वाटतो, याचे मला मनापासून दुःख होते. बाई, भाऊ, जे कोणी असाल, एकटे जाऊ नका. कौन्सिलमधील दोघातिघांना बरोबर घ्या आणि मिस्सानंतरच्या घाईत विषय काढू नका.

तिसरे उत्तर:
ऑक्टोबर २०२४ मध्ये सिनडने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या सभेने, संमत केलेला अंतिम दस्तऐवजही पाहावा. पॅरिश कौन्सिलसारखी मंडळे सर्वत्र अनिवार्य व्हावीत आणि आर्थिक व्यवहार पारदर्शक असावेत, असा आग्रह त्यात आहे. पोप फ्रान्सिस यांनी तो मान्य करून प्रसिद्ध केला, म्हणून तो मांडणे म्हणजे धर्मगुरूंच्या विरोधात जाणे नव्हे. सभागृहाची गरजही खरी असू शकते, तेव्हा फादरांची कारणे पूर्ण ऐकून घ्यावीत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर:
सर्वांचे आभार. छपरासाठी किती रक्कम जमली आणि ती कोणत्या खात्यात आहे, एवढेच विचारणारे पत्र आम्ही तिघे सह्या करून या रविवारी फादरांच्या हातात देणार आहोत.